माळ्यावरचा कंदील कोणाचा?

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर चढून पाहा. फुटके जाते, पितळी डबे आणि वह्यांचे गठ्ठे यांच्या मागे एखादा गंजलेला कंदील सापडण्याचा संभव फार मोठा आहे. गावात वीज येण्यापूर्वी मुलांचा अभ्यास याच्याच उजेडात होई. रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या हातात हाच असे. गळिताच्या हंगामात साखर कारखान्याकडे चाललेल्या उसाच्या बैलगाड्यांखाली असेच कंदील हेलकावे खात जात. आज त्याला दोनच गिऱ्हाइके उरली आहेत. एक भंगारवाला, तो किलोच्या भावाने नेतो. दुसरा जुन्या वस्तूंचा व्यापारी. तो तीन मोडक्या कंदिलांचे भाग जुळवून एक धड कंदील उभा करतो आणि 'अस्सल विलायती, ब्रिटिशांच्या वेळचा' म्हणून शहरात विकतो.

या दोघांपैकी कोणाच्या हाती जाण्यापूर्वी तो कंदील कोणी बनवला, कोठे बनवला आणि साधारण केव्हा बनवला हे तुम्हाला ठरवता येईल काय? बऱ्याच अंशी येईल. त्यासाठी एक भिंग, एक लोहचुंबक, मोजपट्टी, तराजू आणि शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान एवढेच साहित्य पुरते. मात्र एक नियम पाळावा लागतो. कंदिलावरचे नाव सर्वांत शेवटी वाचावयाचे!

हे उलटे वाटेल. पण विचार करा, कंदील हा एक पदार्थ नसून सात-आठ भागांची जुळणी आहे, आणि हे भाग सारख्याच वयाचे असतील असे नाही. वात तर जळून आखूड होते म्हणून सतत बदलावी लागते; तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यानंतर फुटते ती काच. पन्नास वर्षे वापरलेल्या कंदिलाची मूळ काच शाबूत असेल तर ते नवलच म्हणायचे. मग बर्नर. त्याची वात फिरवणारी दातेरी चाके झिजली की बाजारातून दुसरा बर्नर आणून बसवत. तेलाच्या टाकीचे आयुष्य याहून अधिक, पण ती बुडाशी गंजते. रॉकेलची घनता पाण्याच्या सुमारे ०.८ पट असते. त्यामुळे तेलात शिरलेले पाणी वर न तरंगता तळाशी बसते आणि पत्र्याला आतून खाते. म्हणून जुन्या टाकीच्या बुडाला कल्हईवाल्याने लावलेले डाग दिसतात. सर्वांत टिकतो तो सांगाडा: दोन बाजूंच्या नळ्या, वरची टोपी आणि त्यांना जोडणारे सांधे. तेव्हा साक्षीदार म्हणून सांगाड्याचे मोल सर्वाधिक, टाकीचे त्याखालोखाल, आणि काचेचे फार कमी. व्यापारी मात्र नेमके काचेवरचे नाव दाखवतो, कारण ते वाचायला सोपे असते.

नळ्या कशासाठी?

आता सांगाड्याकडे पाहू. कंदिलाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या हे केवळ काच सांभाळणारे खांब आहेत असे पुष्कळांना वाटते. त्या पोकळ असतात आणि त्यांतून हवा वाहते.

ज्योत पेटली की काचेतली हवा तापून हलकी होते व वर जाते. तिच्या जागी खालून ताजी हवा खेचली जाते. ही ओढ किती असते ते मोजू. काच व टोपी मिळून उंची २० सेंटिमीटर धरा. बाहेरच्या हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम. आतल्या वायूचे सरासरी तापमान ३३० अंश सेल्सिअस धरले, तर केल्विनमध्ये ते बाहेरच्या हवेच्या दुप्पट होते, म्हणून घनता निम्मी, ०.६ किलोग्रॅम. घनतांतील फरक ०.६, त्याला ९.८ ने व ०.२ मीटरने गुणले की दाबातील फरक आला सुमारे १.२ पास्कल. म्हणजे पाण्याच्या स्तंभाचा जेमतेम अष्टमांश मिलिमीटर! आता ताशी १८ किलोमीटर वेगाची, म्हणजे सेकंदाला ५ मीटरची, साधी झुळूक घ्या. तिचा दाब १५ पास्कल भरतो. ज्योतीला हवा पुरवणाऱ्या ओढीपेक्षा वाऱ्याचा धक्का बारा पटींनी मोठा. मग हलत्या बैलगाडीखाली कंदील पेटता राहतो कसा?

याचे उत्तर त्या नळ्यांत आहे. अमेरिकेतील जॉन आयर्विन याने १८६० च्या दशकाच्या अखेरीस नळ्यांच्या कंदिलाची रचना काढली. तिच्यात हवा आत जाण्याची वाट आणि वायू बाहेर पडण्याची वाट, दोन्ही वरच्या बाजूला, एकमेकींजवळ ठेवल्या होत्या. वाऱ्याचा झोत आला की दोन्ही तोंडांवरचा दाब जवळजवळ सारखाच वाढतो. दोहोंतील फरक बदलत नाही, आणि ज्योतीला तर फरकाशीच कर्तव्य असते. नळ्यांतून उतरलेली हवा टाकीवरच्या कोठीतून बर्नरच्या जाळीपर्यंत पोचते. इतक्या साध्या पत्र्याच्या कामात एवढी बुद्धी साठवलेली यंत्रे फार थोडी असतील, असे मला नेहमी वाटते.

या रचनेचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात नळ्यांचे वरचे टोक थेट काचेच्या डोक्यावर उघडते, त्यामुळे ज्योतीवरून आलेला गरम, प्राणवायू कमी झालेला वायू थोड्या ताज्या हवेत मिसळून पुन्हा खाली येतो. याला उष्णझोत कंदील म्हणू. दुसऱ्यात वायू बाहेर जाण्याचे धुराडे मध्यभागी स्वतंत्र असते, आणि त्याच्याभोवती भोकांची कोठी असून तिच्यातून फक्त ताजी हवा नळ्यांत शिरते. हा शीतझोत कंदील. त्याची कल्पनाही आयर्विनचीच, पहिलीनंतर काही वर्षांनी आलेली. ताजी हवा मिळाल्यामुळे याची ज्योत अधिक पांढरी व प्रखर असते. दोन्ही प्रकार पुढे कित्येक वर्षे बरोबरीने विकले जात असत, म्हणून उष्णझोत म्हणजे जुना असे समजू नये. मात्र नळ्याच नसलेला, बुडाच्या भोकांतून हवा घेणारा कंदील हा त्या दोहोंहून निराळ्या वंशातला. माळ्यावरचा कंदील यांपैकी कोणता हे टोपी पाहून ठरवा. कंदील पेटवण्याजोगा असेल तर घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन तो पेटवा आणि उदबत्तीचा धूर टोपीच्या कडेशी धरा. शीतझोत कंदिलात धूर भोकांतून आत ओढला जाताना स्पष्ट दिसतो.

काच आणि ओगलेवाडी

पेटलेल्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडला आणि ती तडकली, हा अनुभव घरातल्या वडील माणसांना विचारा. तापलेल्या काचेचा बाहेरचा थर एकदम थंड होऊन आकसू पाहतो, आतला थर त्याला आकसू देत नाही, आणि बाहेरचा थर ताणला जातो. साधी सोडा-चुन्याची काच दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे दहा लाखांश नऊ इतकी प्रसरते. १०० अंशांच्या फरकाने तिच्यात निर्माण होणारा ताण सहा कोटी पास्कलच्या घरात जातो. वापरून बारीक ओरखडे पडलेली काच तीन ते सात कोटींना फुटते! बोरोसिलिकेट काचेचे प्रसरण याच्या साधारण तिसरा हिस्सा असते. तिच्यात ताण दोन कोटींच्या आसपास राहतो, म्हणून ती तगते. ही काच जर्मनीत येना येथे ऑटो शॉट याने १९ व्या शतकाच्या अखेरीस तयार केली. काचेवर 'येना' किंवा 'सुप्राक्स' अशी रोमन अक्षरे असतील तर ती शॉटच्या कारखान्याची.

काच बनवण्याचे काम येथे संपत नाही. साच्यात फुंकलेली काच झटकन थंड केली तर तिच्यात ताण कायमचा कोंडून राहतो, म्हणून ती भट्टीत संथपणे निववावी लागते. हे निववणे नीट झाले आहे का ते तुम्हाला पाहता येईल. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा. त्याचा प्रकाश ध्रुवित असतो. पडद्यासमोर काच धरा आणि पोलरॉइडचा चष्मा आडवा-उभा फिरवत तिच्यातून पाहा. पडदा काळा दिसू लागला की कोंडलेल्या ताणाच्या जागा उजळ पट्ट्यांनी उठून दिसतात. यावरून कारखान्याचे नाव कळत नाही, कारागिरी मात्र कळते.

हे सारे शास्त्र महाराष्ट्रात कसे आले याची कथा सांगण्याजोगी आहे. दर माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभे करावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभारला. तेथे काच बनत असे आणि काच बनवणारी माणसेही तयार होत. अशा तयार झालेल्यांपैकी एक गुरुनाथ प्रभाकर ओगले. ओगले बंधूंनी १९१६ साली कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत, ओगले ग्लास वर्क्स सुरू केला. याच संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली होती हे लक्षात घेतले, तर औंधच्या पंतप्रतिनिधींचे उद्योगांकडे किती लक्ष होते ते कळेल. त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. जर्मनी-ऑस्ट्रियाकडून येणारा काचमाल थांबला होता, आणि देशी कारखान्यांना उभे राहण्यास वाव मिळाला होता. कऱ्हाडचे रेल्वे स्टेशन आजही ओगलेवाडीलाच आहे. कारखाना मात्र आता बंद आहे.

येथे आपल्या कामाचा मुद्दा येतो. ओगल्यांचा कारखाना, नावाप्रमाणेच, आधी काचेचा होता. 'प्रभाकर' कंदील नंतर आला. प्रभाकर हे ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव. शिवाय त्याचा अर्थ सूर्य, म्हणजे याहून चांगले नाव मिळणे कठीण. पत्र्याचे ठसे, नळ्या वाकवणे, बर्नर आणि काच यांचा मेळ घालून परदेशी कंदिलाशी टक्कर देणारा कंदील त्यांनी खेड्यापाड्यांत पोचवला. तेव्हा काचेवर ओगल्यांचे नाव आणि सांगाडा परदेशी, अशी जोडी सापडली तर ती बनावट समजून टाकून देऊ नका. विलायती कंदिलाची काच फुटली आणि घरातल्या माणसाने बाजारातून स्वदेशी काच आणून बसवली, असा त्याचा सरळ अर्थ होतो. उलट, सांगाडा आणि टाकी या दोहोंवर प्रभाकरचे नाव असेल तर कंदील ओगलेवाडीचा म्हणण्यास बळकट आधार मिळतो, मग काच कोणाचीही असो.

धातूची परीक्षा

बाजारात 'पितळी कंदील' म्हणून पुष्कळदा पितळेचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा विकतात. लोहचुंबक चिकटला की मुलामा उघडकीस येतो. परंतु येथे घाई नको. जुने अस्सल कंदील बहुतेक कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचेच असत, म्हणून चुंबक चिकटला एवढ्यावरून कंदील नकली ठरत नाही. पितळेचा म्हणून विकला जात असून चुंबक चिकटला, तर विकणारा खोटा ठरतो, एवढेच.

बर्नरसाठी आर्किमिडीजचा प्रयोग करावा. वात काढून बर्नर कोरडा वजन करा, मग दोऱ्याने पाण्यात टांगून वजन करा. समजा हवेत ८४ ग्रॅम व पाण्यात ७४ ग्रॅम भरला. घट १० ग्रॅम, म्हणून घनता ८.४. हे पितळ. लोखंडाला ७.८ च्या जवळ, जस्ताला ७.१ च्या जवळ आकडा येईल. बुडवताना आत हवेचे बुडबुडे राहिले तर उत्तर खूपच कमी येते, तेव्हा बर्नर पाण्यात हलवून ते काढा.

आता अक्षरे

येथवर आल्यावर भिंग हातात घ्या. गंजलेल्या पत्र्यावरची उठावाची अक्षरे सरळ उजेडात दिसत नाहीत. अंधाऱ्या खोलीत विजेरी पत्र्याला जवळजवळ समांतर धरली की सावल्यांमुळे ती उमटतात. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिलीचे शिसे हलके घासणे हाही चांगला उपाय. अक्षरे टोपीवर, नळ्यांच्या सांध्याशी, टाकीच्या खांद्यावर, टाकीच्या झाकणावर आणि वात फिरवण्याच्या फिरकीवर शोधा. फिरकी लोक विसरतात. टेबलावरच्या दिव्यांच्या बाबतीत तर बनवणाऱ्याचे नाव बहुधा फिरकीच्या चकतीवरच असते. बर्लिनच्या वाइल्ड आणि वेसेल यांचे 'कोसमॉस' बर्नर आणि बर्मिंगहॅमच्या हिंक्स यांचे दोन वातींचे 'डुप्लेक्स' बर्नर तेथूनच ओळखतात. जर्मन बर्नरवर १४ सारखा आकडा व पुढे तीन बारीक रेघा असतात. ती 'लाइन' या जुन्या फ्रेंच मापाची खूण; एक लाइन म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर.

कंदिलांत 'डीट्झ' हे नाव अमेरिकेचे. रॉबर्ट एडविन डीट्झ याने दिव्यांचा धंदा १८४० साली सुरू केला. 'फॉयरहांड', म्हणजे अग्निहस्त, हे जर्मनीतील सॅक्सनीच्या निअर कारखान्याचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पश्चिम जर्मनीत गेला.

नावापेक्षाही उपयोगी पडतात ती कायद्याने आलेली अक्षरे. 'मेड इन जर्मनी' असे छापण्याची सक्ती ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यामुळे आली, आणि हिंदुस्थानातही तशाच धर्तीचा कायदा १८८९ मध्ये झाला. म्हणून ही अक्षरे असलेला माल साधारणतः त्यानंतरचा. 'डी. आर. पी.' हे जर्मन साम्राज्याचे पेटंट, १८७७ पासूनचे. 'डी. आर. जी. एम.' ही त्याहून हलकी नोंदणी १८९१ पासूनची. दोन्ही १९४५ च्या सुमारास संपल्या. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० या काळातला. आयएसआय अक्षरे भारतीय मानक संस्थेची, आणि ती संस्था १९४७ ची. कंदील तिच्याहून जुना असणे शक्य नाही. अमेरिकन कंदिलावर पेटंटच्या तारखांची रांगच असते. तिच्यातली पहिली तारीख वाचून लोक कंदिलाचे वय सांगतात, ते चूक. सर्वांत शेवटची तारीख घ्यावी. कंदील तिच्यापूर्वीचा असू शकत नाही. नंतर कितीही वर्षांचा असू शकतो.

आमच्या प्रयोगशाळेत पारनेर तालुक्यातून एका विद्यार्थ्याने आणलेल्या कंदिलाची तपासणी झाली ती अशी. टोपीखाली भोकांची कोठी, म्हणजे शीतझोत. सांगाड्यावर पेन्सिल घासल्यावर 'फॉयरहांड' आणि 'डी. आर. जी. एम.' उमटले; सांगाडा १८९१ ते १९४५ मधला. टाकी त्याच पत्र्याची, तिचे सांधे सांगाड्याशी अखंड, बुडाला दोन डाग. काच बुडबुड्यांची, जाड, तिच्यावर ओगल्यांचे नाव. म्हणजे १९१६ नंतरची. बर्नरवर काहीच अक्षर नाही, चुंबक चिकटतो, आणि वात फिरवताना फिरकी टाकीच्या कडेला घासते. हा बर्नर या टाकीसाठी बनलेलाच नव्हता. व्यापाऱ्याने 'भाग जुळत नाहीत' म्हणून त्या कंदिलाची किंमत पाडली होती. मुलाच्या आजीने मात्र दोनच वाक्यांत सारे जुळवले: काच तिच्या सासऱ्यांनी कऱ्हाडच्या नातेवाइकांकडून आणवली होती, आणि बर्नर बाजारात मिळेल तो बसवला होता. तो कंदील आता विकायचा नाही असे घरात ठरले आहे.

पेट्रोमॅक्स ऊर्फ गॅसबत्ती कोणी आणली तर ती या पद्धतीत बसत नाही. तिच्यात वात नसून दाबाखालच्या रॉकेलची वाफ जळते आणि प्रकाश देतो तो जाळीचा मँटल. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८९१ मध्ये सिद्ध केलेल्या मँटलमध्ये ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सेरियम ऑक्साइड असे. थोरियम किरणोत्सारी आहे; जुन्या मँटलची राख चोळू नका, फुंकू तर मुळीच नका.

आणखी एक खबरदारी. ओळख पटवण्यासाठी कंदील पेटवायचाच असेल तर फक्त रॉकेल वापरा. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलची वाफ किमान ३५ अंशांपर्यंत पेट घेण्याइतकी होत नाही. पेट्रोलची शून्याखाली चाळीस अंशांवरही होते. पेट्रोल मिसळलेल्या टाकीत ज्योतीखाली स्फोटक वाफ जमते. बर्नर टाकीवर घट्ट बसत नसेल तर कंदील पेटवूच नये.

साफ करताना राखेने फक्त काच पुसावी, तीही कोरड्या मऊ कापडाने. पत्र्याला राख, चिंच किंवा काचकागद लावू नका. वाचायची अक्षरे त्यानेच घासून जातात. गंज मऊ ब्रशने झाडा, थोडे यंत्राचे तेल लावून एक दिवस ठेवा, आणि मग विजेरी तिरपी धरून सांध्यापाशी पुन्हा एकदा पाहा.